पाण्यातली मुलं

सकाळी खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. वास आला होता. जळक्या पालापाचोळ्याचा, किंचित ओलसर, घशाच्या मागे जाऊन बसणारा. समोरचा ब्लॉक जागेवर होता, त्याच्या पलीकडचा मात्र कुणी फळ्यावरून पुसून टाकावा तसा गायब होता. खाली बसस्टॉपवर शाळेची मुलं मास्क लावून उभी होती. आमचा ईशान काचेला नाक लावून म्हणाला, "आई, आउटसाइड सो स्मेली, कॅनॉट गो, लाह." दोन वर्षांचा आहे. मराठी कळतं त्याला, पण बोलताना डे-केअरमधलं इथलं इंग्रजी येतं.

सिंगापूरला ऋतू नाहीत, असं इथे नवीन आलेला प्रत्येक माणूस म्हणतो. मीही म्हणायचे. वर्षभर तोच उकाडा, तोच दुपारचा पाऊस, डिसेंबरात जरा जास्त. पुण्यात असताना हवेवरून महिना कळायचा, इथे मॉलमधली सजावट बघून कळतो. पण काही वर्षं काढली की लक्षात येतं, इथेही एक ऋतू आहे. तो दर वर्षी येत नाही, आणि आला की कुणी त्याचं स्वागत करत नाही. समुद्रापलीकडे सुमात्रात रानं आणि दलदलीची जमीन पेटते, वारा तिकडून वाहू लागतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळं शहर धुरात बुडून जातं. इथे त्याला हेझ म्हणतात. लोक सकाळी उठून आधी फोनवर हवेचा आकडा बघतात, मग वेळ.

यंदा, म्हणजे २०१९ मध्ये, तो पुन्हा आला आहे. माझ्या सासूबाई मिरजेहून आल्या आहेत आणि त्यांनी नेमका हाच मुहूर्त गाठला आहे. खिडक्या बंद, एअर प्युरिफायर घुरघुरतोय, आणि त्या सोफ्यावर पाय वर घेऊन लसूण सोलताहेत. मधूनच काचेतून बाहेर बघतात. "त्या वर्षी याहून दाट होता, नाही?" असं म्हणाल्या सकाळी. मी हो म्हटलं. त्या वर्षी म्हणजे कोणत्या, हे आम्हाला एकमेकींना सांगावं लागत नाही.

त्या वर्षी, म्हणजे चार वर्षांपूर्वी, मला आठवा महिना लागला होता. आम्ही टॅम्पिनीसमध्ये याच फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होतो. हेमंत, माझा नवरा, जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनियर. आमचं घर बेटाच्या पूर्व टोकाला, त्याचं काम पश्चिमेच्या. कंपनीची बस उजाडायच्या आत त्याला घेऊन जायची. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा मास्कच्या तारेचा वळ नाकावर उमटलेला असायचा. मी ऑफिसातून घरूनच काम करायची परवानगी मागून घेतली होती. दिवसभर बंद खोलीत बसून मी कोड तपासायचे, आणि पोटातली ढुशी आली की कीबोर्डवरचा हात काढून तिथे ठेवायचे.

एका शनिवारी लक्षात आलं की सकाळपासून ढुशी आलेली नाही. थंड पाणी प्यायले, डाव्या कुशीवर झोपले, गोड खाल्लं. सगळे उपाय झाल्यावर हेमंतला म्हटलं, चल. हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईने पोटावरून यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. तिने काही बोलायच्या आधीच मला कळलं.

पुढचं सगळं नेहमीच्या बाळंतपणासारखंच झालं. हे मला ठाऊक नव्हतं. वाटलं होतं, आता ऑपरेशन करून काढतील आणि संपेल. तसं नसतं. कळा आल्या, नर्सने कंबर चोळली, "पुश, पुश" म्हणाली, हेमंतने हात धरला. फक्त शेवटी खोलीत आवाज झाला नाही. मुलगी होती. नर्सने विचारलं, बघायचंय का, जवळ घ्यायचंय का. मी नकारार्थी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. हेमंत नर्सच्या मागून बाहेर गेला.

कारण सापडलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, पुष्कळदा सापडत नाही. मी मात्र शोधत राहिले. धूर असेल. ओव्हरब्रिजचा जिना असेल. हॉकर सेंटरला खाल्लेलं काही असेल. रात्रंदिवस बंद खोलीतली हवा असेल. धुरावर राग काढणं सोपं होतं, कारण तो दिसत होता.

आई, म्हणजे सासूबाई, बाळंतपणासाठी येणारच होत्या. त्यांचं तिकीट महिनाअखेरचं होतं, ते अलीकडचं करून त्या आल्या. त्या आयुष्यभर मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लोकांचे ट्रंककॉल जोडून देणं हे काम. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाचे वडील गेले, हे त्यांनी त्या त्या घराच्या आधी ऐकलेलं, आणि कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. घरीही त्या मोजकंच बोलतात. मला धास्ती होती की त्या आल्या की रडारड होईल, किंवा काही विचारतील. त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, बॅग उघडली आणि डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा असं सगळं ओट्यावर मांडलं.

मी म्हटलं, "आई, आता हे कशाला?"

"कशाला म्हणजे? बाळंतीण झालीयस तू. बाळ नाही म्हणून बाळंतपण नाही, असं नसतं."

आणि त्यांनी माझं बाळंतपण केलं. सगळं. अंगाला तेल लावलं, कढत पाण्याने न्हाऊ घातलं, जुन्या सुती साडीने पोट बांधलं, सकाळी लाडू, दुपारी अळिवाची खीर. शेक दिला, पण धुरी दिली नाही. "बाहेर एवढा धूर आहे, त्यात आपला आणखी कशाला," म्हणाल्या. त्या आठवड्यात मला आलेलं ते एकमेव हसू.

दूध आलं होतं. शरीराला कुणी कळवलंच नव्हतं. गाऊन भिजायचा, ठणकायचं, ताप भरायचा. आईंनी हेमंतला लिटिल इंडियात पाठवलं आणि मोगरा आणायला सांगितला, सुट्टा, भरपूर. सेरंगून रोडवरच्या फुलवाल्या बाईने त्याला विचारलं म्हणे, घरी पूजा आहे का. तो हो म्हणाला. आईंनी ती फुलं मलमलच्या फडक्यात घालून माझ्या छातीशी बांधली. त्यांच्या आईच्या गावाकडे असंच करायचे, दूध आटायला. फुलांनी आटलं का आपोआप आटलं, मला ठाऊक नाही. पण आजही हार घेताना मोगऱ्याचा वास आला की त्याच्या मागोमाग जळक्या पाल्याचा वास येतो. नसला तरी येतो.

शेजारच्या आंटी एक दिवस दार वाजवून आत आल्या. लाल खजुरांचा गरम काढा एका थर्मासमध्ये होता. "कॅनॉट ड्रिंक कोल्ड वॉटर, हां. कॅनॉट टच विंड. मस्ट लाय डाउन," मला दम दिला, आणि आईंकडे बघून माझ्याकडे बोट दाखवत मान डोलावली. आईंनीही डोलावली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि काही अडलंही नाही. नंतर रोज कॉरिडॉरमध्ये त्यांची भेट व्हायची. एक बोलायची मराठीत, दुसरी कुठल्याशा चिनी बोलीत, आणि डबे इकडून तिकडे जायचे.

बोलणं थांबलं होतं ते आमच्या दोघांचं. भांडण नव्हतं. "जेवलीस?" "हो." "बस किती वाजता?" "नेहमीचीच." एवढंच. मुलीचं पुढे काय केलं, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याने मिरजेच्या गुरुजींना फोन केला होता, एवढं मला कळलं होतं. गुरुजी म्हणाले होते, एवढ्याशा जिवाचं काही करायचं नसतं. सुतक नाही, दहावं-तेरावं नाही. आंघोळ करा. झालं. हेमंतने ते ऐकून फोन ठेवला आणि खरंच आंघोळीला गेला. फार वेळ पाण्याचा आवाज येत होता.

मी मनाशी ठरवलं होतं की आई परत जातील तेव्हा त्यांच्याबरोबर आपणही जायचं. पुण्याला माहेरी. परत यायचं की नाही, ते तिथे गेल्यावर बघू. हेमंतला मी अजून बोलले नव्हते. त्याला बहुतेक कळलं होतं, कारण मी माझे कपडे कपाटात ठेवायचं बंद केलं होतं. धुऊन आले की सरळ बॅगेत.

अशात त्याच्या कंपनीने त्याला कामासाठी योकोहामाला पाठवायचं काढलं. डिसेंबरची सुरुवात होती. सव्वा महिना होऊन गेला होता, धूर पावसाने धुऊन नेला होता. तो जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "तुम्ही दोघी पण चला. हॉटेल मिळतंय." मला जायचं नव्हतं. आई म्हणाल्या, "चल गं. थंडी तरी बघू." त्यांना थंडीचं काय अप्रूप, मिरजेच्या बाईला? पण त्या म्हणाल्या म्हणून गेले.

योकोहामाचे पहिले दिवस मी हॉटेलच्या खोलीतच काढले. रविवारी हेमंतला सुट्टी होती. त्याच्या तिथल्या एका सहकाऱ्याने सुचवलं होतं, जवळ कामाकुरा म्हणून जुनं गाव आहे, समुद्राकाठी, देवळांचं. आईंनी साडीवर हेमंतचं जाकीट चढवलं, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला माकडटोपी, आणि आम्ही निघालो. शेवटच्या टप्प्याला एक बुटकी हिरवी आगगाडी होती. ती लोकांच्या परसातून जावी तशी जात होती. खिडकीतून हात काढला असता तर वाळत घातलेला टॉवेल ओढता आला असता. मग एकदम घरं संपली आणि समुद्र आला, निळा, स्वच्छ, थंड. कित्येक आठवड्यांत मी इतक्या लांबचं काही बघितलं नव्हतं.

देऊळ टेकडीच्या अंगावर होतं. शेकडो वर्षांचं जुनं. दारात एक वाकडा पाइन, त्याखाली कागदी कंदील. आत तळं, तळ्यात मासे, आणि सगळीकडे मेपलची झाडं लालभडक झालेली. आई एका झाडापाशी थांबून म्हणाल्या, "आपल्याकडे असं लाल म्हणजे फक्त पांगारा. पण त्याची फुलं असतात. इथे पानंच फुलतात की." पायऱ्या चढताना त्या मधेमधे थांबत होत्या. थंडी हातमोज्यांतून बोटांना लागत होती. उदबत्तीचा वास होता, पण आपल्या उदबत्तीपेक्षा कोरडा, लाकडाचा. मी हुंगून बघितला. धुराचा वास असूनही तो मला सोसला, याचं नवल वाटलं.

वरच्या मोठ्या दालनात अवलोकितेश्वर होता. जपानीत त्याला कान्नोन म्हणतात. अखंड लाकडाची मूर्ती, सोन्याचा मुलामा दिलेली, इतकी उंच की जवळ गेल्यावर चेहरा बघायला मान मागे टाकावी लागते. मुख्य डोक्यावर आणखी छोटी छोटी डोकी. कार्ल्याला, अजिंठ्याला आपण बुद्ध बघतो तो दगडात, अंधारात, हात तुटलेला, नाक झिजलेलं. गाइड बॅटरी मारतो, आपण बघतो, आणि बाहेर येऊन काकडी खातो. इथे तो नांदत होता. पुढ्यात फळं ठेवलेली, दिवे लावलेले, माणसं हात जोडून उभी. आपल्या घरातून लग्न होऊन लांब गेलेल्या मुलीला पुष्कळ वर्षांनी तिच्या घरी भेटावं तसं काहीतरी वाटलं.

आईंनी बूट काढण्यासाठी जागा शोधली, तशी ती नव्हती. मग त्यांनी नुसतेच हात जोडले. "एवढी तोंडं कशाला रे हिला?"

हेमंतने पाटीवरचं वाचून सांगितलं, "जगातलं सगळीकडचं ऐकू यावं म्हणून. जो कुणी हाक मारेल, त्याचं ऐकतो. नावाचा अर्थच तो आहे."

आईंनी वर बघितलं. "म्हणजे एक्स्चेंजच की," म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "उभ्याने ड्यूटी. आम्हाला खुर्ची तरी होती."

हेमंत मोठ्याने हसला. शेजारच्या जपानी बाईने वळून पाहिलं. मला आठवलं की हा माणूस हसतो.

उतरताना आम्ही दुसऱ्या वाटेने उतरलो. वळणावर एक सपाट जागा आली, आणि तिथे ती उभी होती. लहान लहान दगडी मूर्ती, वीतभर उंचीच्या, मुंडण केलेल्या, गोल चेहऱ्याच्या, डोळे मिटून हात जोडलेल्या. ओळींवर ओळी, टेकडीच्या अंगावर चढत गेलेल्या, शेकड्यांनी. मला आधी वाटलं बालभिक्षू आहेत. काहींच्या गळ्यात लाल लाळेरं बांधलेलं होतं. काहींच्या डोक्यावर विणलेल्या टोप्या. काहींपुढे भिंगऱ्या खोचल्या होत्या, त्या वाऱ्याने फिरत होत्या. एकापुढे ज्यूसचा छोटा डबा, नळीसकट.

लाळेऱ्यांवरून मला काहीतरी कळलं असावं, कारण माझे पाय थांबले. हेमंत पाटी वाचायला पुढे झाला होता. त्याने अर्ध्यावरच वाचणं सोडलं. मागे वळून म्हणाला, "चल, खाली जाऊ. समुद्र बघू."

"काय लिहिलंय?"

"काही नाही गं. चल."

मी पुढे होऊन वाचलं. इंग्रजीत थोडक्यात होतं. हा जिझो, मूळचा क्षितिगर्भ बोधिसत्त्व. जी मुलं जन्माला येण्याआधी किंवा जन्मता जन्मता गेली, त्यांना हा सांभाळतो. त्या मुलांना इथे पाण्यातली मुलं म्हणतात. आईबाप त्यांच्यासाठी इथे येतात.

मी उभीच राहिले. आईंना मी काही सांगितलं नाही, पण त्या माझ्याकडे आणि मग त्या लाळेऱ्यांकडे बघत होत्या.

पहिल्या ओळीत एक बाई वाकून एका मूर्तीवर लाकडी पळीने बाजूच्या हौदातलं पाणी ओतत होती. साठीची असेल, राखाडी कोट, नीटस केस. तिने हातरुमालाने मूर्तीचा चेहरा पुसला, कानामागे पुसलं, जसं आंघोळीनंतर पुसतो तसं. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी कशी दिसत होते कुणास ठाऊक. तिने पळी पुसली, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "प्लीज."

मी घेतली नाही. ती जराही अवघडली नाही. त्या दगडाकडे हात करून, ओळख करून द्यावी तसं म्हणाली, "माय सन." मग हात स्वतःच्या डोक्याच्या वर नेऊन दाखवला. "नाऊ, सो बिग." आणि हसली.

आता एवढा मोठा झाला असता, असं तिला म्हणायचं होतं. किंवा झाला आहे, असं. तिच्या इंग्रजीत तो फरक नव्हता.

मी पळी घेतली. कुठल्या मूर्तीवर ओतायचं ते कळेना. सगळ्या कुणाकुणाच्या होत्या. बाईने एका टोकाची दाखवली, जिच्यापुढे काहीच नव्हतं. मी पाणी ओतलं. ते डोक्यावरून कपाळावर, मिटल्या डोळ्यांवरून हनुवटीवर आलं आणि दगड काळा झाला. मी पुन्हा ओतलं. माझ्या हातांना आंघोळ घालता येत होती, हे त्यांना करायचंच होतं, एवढं मला त्या क्षणी समजलं. मी पदर नव्हता म्हणून जाकिटाच्या बाहीने तिचा चेहरा पुसला. रडले, पण ते नंतर. तेव्हा मी फक्त नीट पुसत होते.

हेमंत माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. त्यानेही ओतलं.

मग आईंनी हात पुढे केला. त्यांनी आधी आमच्या मूर्तीवर ओतलं. मग पळी भरून घेतली, दोन पावलं बाजूला गेल्या आणि शेजारच्या मूर्तीवर ओतलं. सावकाश. पळी रिकामी झाली तरी तशीच धरून उभ्या राहिल्या.

"आई, ही कुणाची?" हेमंतने विचारलं. त्याला वाटलं, चुकून.

"तुझ्या आधीचं," त्या म्हणाल्या.

हेमंत उठून उभा राहिला.

"माहेरी गेले होते बाळंतपणाला. एकोणीस वर्षांची होते. रडलंच नाही. सुईण फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. कुठे नेलं ते मला सांगितलं नाही. आई म्हणाली, आता बोलायचं नाही, पुढचं बघायचं. पुढचा तू."

"मुलगा होता की मुलगी?"

आईंनी पळी हौदाच्या काठावर ठेवली. "कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती."

हेमंतने त्यांचा हात धरला. चाळिशीला आलेला माणूस, त्याला आपण घरातले थोरले नाही हे आत्ता कळत होतं. त्या जपानी बाईला शब्द एकही कळला नसणार. तिने आपल्या पिशवीतून तीन उदबत्त्या काढून आम्हाला एकेक दिली, आपल्या मुलापुढे पुन्हा एकदा मान लववली, आणि पायऱ्या उतरून गेली.

थोडं खाली उतरल्यावर आई म्हणाल्या, मी इथे उन्हात बसते, तुम्ही समुद्र बघून या. टेकडीच्या कडेला लाकडी बाकं होती. खाली गावाची छपरं, त्यापलीकडे खाडीचं अर्धवर्तुळ, आणि त्यात रंगीत शिडांच्या छोट्या होड्या. आम्ही बसलो. मी विचारलं, "कशी होती रे?"

त्याने मान वळवून खालच्या होड्यांकडे बघितलं. मला वाटलं, नाही सांगणार.

"केस खूप होते," तो म्हणाला. "काळेभोर. ओले होते म्हणून कपाळाला चिकटले होते. कपाळ तुझं. नाक अजून... नाक सांगता आलं नसतं. बोटं लांब होती."

"तू घेतलीस?"

"घेतली. नर्स बाहेर उभी राहिली. मला काय बोलावं कळेना, म्हणून मी तिला सांगितलं, बाहेर फार धूर आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. दोन महिने आम्ही एका पलंगावर झोपत होतो आणि तो हे एकटा घेऊन झोपत होता. तिचा चेहरा फक्त त्याच्याजवळ होता. मी बघायला नको म्हटलं होतं, म्हणून त्यालाही माझ्यापुढे तो काढता येत नव्हता.

मग त्याने बाकीचंही सांगितलं. गुरुजी नको म्हणाले तरी त्याने हॉस्पिटलच्या सांगण्याप्रमाणे सगळं रीतसर केलं होतं. अस्थी अशा जवळजवळ नव्हत्याच, मूठभर राख होती. चांगीहून एक बोट ठरवून तो समुद्रात गेला होता. धुरात किनारा लगेच दिसेनासा झाला, तेव्हा बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढून पाठ फिरवून बसला. हेमंतला एकही मंत्र आठवला नाही. त्याने रामरक्षा म्हणायला सुरुवात केली, ती मध्येच चुकली, मग पहिल्यापासून म्हटली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला नकोय."

"मला वाटलं, तू विसरायला बघतोयस."

एवढंच बोलणं झालं. फार मोठं काही झालं नाही. त्याने माझा हात आपल्या जाकिटाच्या खिशात घेतला, कारण बोटं गारठली होती. खाली वाटेवर आईंनी कुठूनतरी गरम रताळं मिळवलं होतं आणि कागदात धरून त्या फुंकर मारत बसल्या होत्या. आम्ही गेल्यावर त्यांनी त्याचे तीन तुकडे केले. "मिरजेत कुणाला बोलू नका हे," म्हणाल्या. कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही. रताळं फार गोड होतं.

मी नंतर त्या जिझोबद्दल वाचलं. तिकडची समजूत अशी की आईबापांच्या आधी गेलेली मुलं नदीकाठी अडकून पडतात. त्यांना पलीकडे जाता येत नाही, कारण त्यांनी अजून काही केलेलंच नसतं, चांगलं ना वाईट. मग हा येतो आणि त्यांना आपल्या अंगरख्याच्या बाह्यांत लपवून पलीकडे नेतो. मी फारशी देवभोळी नाही. पण काही करायचं नसतं म्हणणाऱ्यापेक्षा, बाह्यांत घेऊन नेतो म्हणणारा मला जवळचा वाटला. आपल्याकडून हे बोधिसत्त्व तिकडे गेले. त्यांनी तिथे जाऊन ही एक जागा केली, आपल्याकडे ती राहून गेली.

सिंगापूरला परतल्यावर बॅग रिकामी केली तेव्हा सगळ्या बॅगा रिकाम्या केल्या. आई एकट्याच परत गेल्या. विमानतळावर शेजारच्या आंटी पोचवायला आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना डबे दिले. हेमंतने आणि मी पुढे पुष्कळ दिवस रोज थोडं थोडं बोलायची सवय लावून घेतली. सगळंच तिच्याबद्दल नसायचं. पगार, पंखा, ऑफिसातली माणसं. पण तिच्याबद्दल बोलता येतं हे ठाऊक असलं की पंख्याबद्दलही नीट बोलता येतं. दीड-पावणेदोन वर्षांनी ईशान झाला. ते नऊ महिने मी आनंदात काढले असं म्हणणार नाही. भीतीतच काढले. पण मी एकटीच घाबरत नव्हते.

आणि आता पुन्हा हा धूर. आई या खेपेला आल्या त्याच मुळी हेमंतने हट्ट धरला म्हणून. त्यांना कित्येक वर्षं ओटीपोटात जड वाटतं, उभं राहिलं की वाढतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. या उन्हाळ्यात आम्ही मिरजेला गेलो होतो तेव्हा मला सांगितलं, स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता. इथे दाखवू म्हणून बोलावलं. काल दुपारी मास्क लावून आम्ही दोघी टॅम्पिनीसच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती, चष्मा, वेगाने टाइप करणारी. तिने तपासलं, गर्भाशय खाली उतरलं आहे म्हणाली, घाबरण्यासारखं नाही, उपाय आहेत. मी आईंना मराठीत सांगितलं. मग तिने कॉम्प्युटरकडे वळून एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"हाऊ मेनी प्रेग्नन्सीज?"

मी आईंकडे बघितलं. कामाकुरानंतर तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नव्हता. आम्हीही नाही. हेमंत आणि त्याची धाकटी बहीण, सगळ्या जगाला ठाऊक असलेली त्यांची दोन मुलं. मी हळू आवाजात म्हटलं, "किती बाळंतपणं झाली, विचारतायत. काय सांगू?"

आईंनी मास्क हनुवटीवर ओढला. "तीन," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरकडे बघून स्वतःच, तीन बोटं वर करून, "थ्री."

"ऑल नॉर्मल डिलिव्हरी?"

"हो म्हणावं. पहिलं रडलं नाही."

मी ते सांगितलं. डॉक्टरची बोटं कीबोर्डवर क्षणभर थांबली. तिने आईंकडे पाहिलं, "सॉरी, आंटी," म्हणाली, आणि टाइप केलं. मग पुढचा प्रश्न विचारला, डायबिटीस आहे का.

"थोडी साखर आहे सांग," आई म्हणाल्या. "पण चहात घेत नाही मी आता."